टेम्पमधल्या फाइली आणि मामंजींचं ‘हात लावू नको’

पत्र: कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरी २०१३ साली बेळगावात असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे, विंडोज १० असलेला. सासरे सरकारी मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गावातल्या लोकांचे अर्ज, शाळेच्या एसडीएमसीची (शाळेवर देखरेख करणाऱ्या समितीची) पत्रं, भजनी मंडळाचे अभंग असं त्यांचं टायपिंग सतत चालू असतं. मुलगा यंदा दहावीला, त्यालाही तोच कॉम्प्युटर लागतो आणि ‘स्लो आहे’ अशी त्याची तक्रार असते. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे, म्हणजे तिथली जागा संपत आली आहे, आणि मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं. पुण्यातले दीर फोनवर म्हणतात, ‘फॉर्मॅट मारून टाका’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. ताईंनी व्हिडिओ बघून टेम्प फोल्डर उघडला. सगळं निवडून डिलीट करणार, तेवढ्यात त्यांना त्यात सासऱ्यांच्या अर्जांच्या नावांच्या वर्ड फाइली दिसल्या. सासरे म्हणतात, ‘कशालाही हात लावू नको.’ वय झालं, कॉम्प्युटर कळत नाही, म्हणून ते घाबरतात, असं ताईंना वाटतं. काही वर्षांपूर्वी दिरांनी एकदा फॉर्मॅट मारला होता, तेव्हा त्यांचं काहीतरी गेलं होतं. ताईंचा प्रश्न असा: टेंपररी फाइली म्हणजे कचराच ना? मग मामंजींना न सांगता काढल्या तर काय बिघडलं?

ताई,

तुमचा हात थांबला ते फार बरं झालं. टेम्पमधलं बहुतेक सगळं काढून टाकण्यासारखंच असतं, पण त्या ‘बहुतेक’मध्ये मामंजींचे अर्ज येत नाहीत. आणि न सांगता काढायचा विचार मात्र सोडून द्या. आधी या फाइली तिथे येतात कशा ते बघू. ते कळलं की कशाला हात लावायचा नि कशाला नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

स्लॅब ओतताना खाली सेंट्रिंगच्या फळ्या लावतात, त्यातलाच हा प्रकार. वर्डमध्ये लिहिताना, प्रिंट काढताना, नवं सॉफ्टवेअर बसवताना त्या त्या प्रोग्रॅमला तात्पुरत्या फाइलींचा टेकू लागतो. काम संपून प्रोग्रॅम नीट बंद झाला की त्याने आपल्या फळ्या आपणच काढून न्यायच्या असतात. बरेचसे नेतात, काही आळशी असतात, नेत नाहीत. आणि मध्येच लाईट गेली तर कुणालाच न्यायला सवड मिळत नाही. खानापूरचा पावसाळा मी तुम्हाला काय सांगणार! फांदी पडली, तार तुटली, लाईट गेली. २०१३ सालच्या मशीनसोबत घेतलेला यूपीएस असेल, तर त्याची बॅटरी कधीच बाद झालेली असणार. म्हणजे दर वेळी कॉम्प्युटर धाडकन बंद, आणि त्या क्षणी उघड्या असलेल्या तात्पुरत्या फाइली जागच्या जागी. पुढे त्यांची चौकशी करायला कुणी येत नाही. त्यामुळे टेम्पमध्ये हजारो फाइली दिसल्या म्हणून घाबरू नका. जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर तेवढ्या असतातच, आणि संख्या मोठी दिसली तरी त्यांनी अडवलेली जागा पुष्कळदा आपल्याला वाटते त्याहून कमी निघते.

आता मामंजींच्या वर्ड फाइली. मला वाटतं त्या अशा गेल्या असाव्यात: कुणीतरी त्यांना कागद ईमेलने पाठवले, किंवा झिप करून, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं बांधून, पेन ड्राइव्हवर दिले. झिप न सोडवता त्यांनी आतली फाइल थेट उघडली. अशी फाइल उघडताना विंडोज तिची एक प्रत टेम्पमध्ये काढतं आणि ती प्रत दाखवतं. मामंजींनी त्यात नाव बदललं, तारीख बदलली आणि सेव्ह करताना कॉम्प्युटरने जी जागा पुढे केली तिथेच ओके म्हटलं. झालं, अर्ज टेम्पमध्ये. त्यांना वाटतं फाइल ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. ती आहेच, फक्त अशा जागी आहे की जिथे झाडू मारायला सगळं जग शिकवतं. ईमेलमधली जोडलेली फाइल डाउनलोड न करता उघडली तरी कधी कधी असंच होतं.

हे खरं आहे का ते सहज तपासता येईल. वर्ड उघडा, फाइलमध्ये जाऊन अलीकडच्या कागदांची यादी बघा. प्रत्येक नावाखाली ती कुठल्या फोल्डरातली आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं; नसेल तर नावावर माउस नुसता धरा. त्या पत्त्यात ‘टेम्प’ शब्द आला की समजायचं. दुसरं म्हणजे टेम्प फोल्डरात वरच्या शोधाच्या चौकटीत तारा, टिंब आणि डॉक (*.doc) असं टाइप करा; तिथल्या सगळ्या वर्ड फाइली एका ठिकाणी येतील. पीडीएफ, एक्सेल आणि फोटोंसाठीही एकेकदा शोधा. काही फाइलींच्या नावाआधी नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह दिसेल. त्या अगदी चिमुकल्या असतात, त्यात मजकूर काहीच नसतो. वर्ड एखादी फाइल उघडली की तिच्याच शेजारी अशी खूण ठेवतं. पण तशी खूण टेम्पमध्ये सापडली, तर त्या नावाची खरी फाइल इथूनच उघडली गेली होती एवढं नक्की कळतं.

जे सापडेल ते हलवू नका, कॉपी करा. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, त्याला मामंजींना सहज ओळखता येईल असं नाव द्या आणि सगळं त्यात टाका. मग एकेक फाइल त्यांच्यासमोर उघडा. कुठली उपयोगाची, कुठली अर्धवट, कुठली तिसऱ्यांदा तीच, हे तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही. ते फक्त त्यांनाच माहीत.

आणि इथेच मला तुमच्याशी जरा बोलायचं आहे. मागच्या फॉर्मॅटच्या वेळी त्यांचं ‘काहीतरी’ गेलं होतं, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. काय गेलं होतं ते लिहिलं नाही. कदाचित घरात कुणी विचारलंही नसेल. तुम्ही म्हणता की वय झालं, कॉम्प्युटर कळत नाही, म्हणून ते घाबरतात. मला तसं वाटत नाही. ज्याचं लिहिलेलं एकदा गेलं, तो माणूस ‘हात लावू नको’च म्हणणार, मग वय काही का असेना. शिवाय आपल्या भागात अशा शिक्षकाच्या घरातला कॉम्प्युटर म्हणजे अर्ध्या गावाचं दप्तर असतं. मराठीत लिहिलेला अर्ज, कचेरीसाठी त्याची कन्नड प्रत, कुणाच्या जमिनीची पहाणी (आपल्याकडचा सातबारा म्हणा), कुणाच्या मुलाचा दाखला, शाळेत शिक्षक द्या म्हणून वर पाठवलेली पत्रं. त्यातलं काही पुन्हा मिळवायचं तर तालुक्याला खेटे घालावे लागतात, काही मिळतच नाही. त्यांच्या दृष्टीने ‘सी ड्राइव्ह लाल झाला’ ही फार किरकोळ तक्रार आहे.

तेव्हा त्यांना ‘कचरा काढायचा आहे’ असं सांगू नका. जे खरं आहे तेच सांगा: सी ड्राइव्ह असाच भरत राहिला तर धोका त्यांच्याच लिखाणाला आहे. वर्डला लिहिताना तात्पुरती फाइल बनवायला जागा लागते. ती मिळाली नाही की सेव्ह करताना चूक दाखवतं, आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली तर तासाभराचं टायपिंग गेलं. रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, कमी असली की विंडोज डिस्कचाच थोडा भाग रॅमसारखा वापरतं, त्यालाही जागा लागते. म्हणजे हात न लावणं हासुद्धा सुरक्षित मार्ग नाही. शिक्षक माणूस आहे, कारण पटलं की ऐकतील. आधी त्यांच्या फाइलींची प्रत झालेली त्यांना डोळ्यांनी दिसू दे, मगच साफसफाई. हा क्रम काही केल्या उलटा करू नका.

प्रत म्हणजे खरोखरची प्रत हं. डी ड्राइव्ह हा त्याच हार्ड डिस्कचा तुकडा असतो; डिस्क गेली तर दोन्ही जाणार. एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि एक गुगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते. पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात फिरवायचा वेगळा ठेवा. दुकानातल्या मशीनवरून शॉर्टकट व्हायरस घेऊन येणारा पेन ड्राइव्ह कुणाच्या घरात नाही?

आता साफसफाई. ही सोपी आहे, म्हणून पटकन सांगते. आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, कारण नुकतंच काही बसवलेलं असेल तर त्याचं उरलेलं काम रीस्टार्टच्या वेळी होतं आणि त्याला टेम्पमधल्या फाइली लागतात. मग माय कॉम्प्युटरमध्ये (विंडोज १० मध्ये त्याचं नाव ‘धिस पीसी’ आहे) जाऊन सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप. टेम्प फोल्डर स्वतः उघडून सगळं उडवण्यापेक्षा मला हाच मार्ग पसंत आहे. डिस्क क्लीनअप टेम्पमधल्या आठवडाभरात न बदललेल्या फाइलींनाच हात लावतं, चालू कामाच्या फाइली सोडून देतं. मामंजींच्या जुन्या अर्जांना मात्र ते सोडणार नाही, म्हणून तर आधी प्रती. त्याच खिडकीत ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ असं बटण आहे. ते दाबल्यावर विंडोजच्या जुन्या अपडेटचा साठा दिसतो. कधीच साफ न केलेल्या कॉम्प्युटरवर तो काही जीबी निघतो, टेम्पपेक्षा पुष्कळदा जास्त. तो काढायला हरकत नाही. जुन्या मशीनवर या कामाला बराच वेळ लागतो, पट्टी एकाच जागी थांबल्यासारखी वाटते. स्वयंपाक उरकून या, मध्येच बंद करू नका.

दोन ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवा. यादीत ‘डाउनलोड्स’ दिसलं तर त्याची खूण काढून टाका. विंडोज १० च्या काही आवृत्त्यांनी हा फोल्डर साफसफाईच्या यादीत आणून बसवला होता आणि नंतर पुन्हा काढला. तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे कोण जाणे. डाउनलोड्समध्येच मुलाच्या अभ्यासाच्या पीडीएफ आणि लोकांची आधार कार्डं असणार. दुसरं रिसायकल बिन. काही लोक तिथे फाइली ‘जपून’ ठेवतात. हसू नका, मामंजींना विचारून मगच रिकामं करा.

तुम्ही बघितलेल्या व्हिडिओत बहुतेक आणखी दोन नावं होती: प्रीफेच आणि रीसेंट. ही तिघा-चौघांची टोळी हिंदी-मराठी व्हिडिओंत इतक्या वेळा सांगितली जाते की ती आता पाठच झाली आहे. प्रीफेचला हात लावू नका. कुठला प्रोग्रॅम सुरू होताना डिस्कवरचं काय काय लागतं याची टिपणं विंडोज त्यात ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उघडता यावं. ती पुसली की काही दिवस सगळं उलट सावकाश उघडतं, आणि जागा म्हणाल तर नावापुरती सुटते. रीसेंटमध्ये अलीकडे उघडलेल्या फाइलींचे नुसते दुवे असतात. ते पुसून जागा मिळत नाही, पण मामंजींची कुठली फाइल कुठे आहे याचा माग मात्र पुसला जातो. तुमच्या घरात तर तो सोन्यासारखा आहे.

साफसफाईची फुकट सॉफ्टवेअरंही नकोत. त्यातलं सर्वांत नावाजलेलं सीक्लीनर. २०१७ साली त्याच्या ५.३३ या आवृत्तीतच हॅकरांनी विषारी कोड घुसवला होता आणि ती महिनाभर अधिकृतपणे वाटली जात होती. जे विंडोजमध्ये आधीच आहे त्यासाठी परक्याला घरात कशाला घ्यायचं? ‘रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करतो’ म्हणणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा.

क्रोमचा साठा टेम्पमध्ये नसतो, तो वेगळा. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबलं की त्याची खिडकी येते. तिथे फक्त साठवलेली चित्रं नि फाइली याच ओळीवर खूण ठेवा. कुकीज आणि पासवर्डवर ठेवली तर मुलाची नि तुमची सगळी लॉगिनं जातील.

हे सगळं करूनही कदाचित लाल पट्टी थोडीच निळी होईल. कारण माझा संशय वेगळाच आहे. माय कॉम्प्युटरमध्ये डी आणि ई ड्राइव्ह बघा, ते जवळजवळ रिकामे असतील तर नवल नाही. त्या काळी असेंबल करून देणारे दुकानदार ५०० जीबीची डिस्क घेऊन तिचे तीन-चार तुकडे पाडत आणि सी ला ५०-१०० जीबी देत. विंडोज ७ ला ते पुरत होतं. विंडोज १० आलं, त्याची अपडेटं आली, आणि घरातली प्रत्येक फाइल डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्येच ठेवायची सगळ्यांना सवय. तेही सी मध्येच असतात. म्हणजे कॉम्प्युटर भरलेला नाही, एक खोली भरली आहे. डॉक्युमेंट्स फोल्डरावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ नावाचा भाग उघडा. तिथे ‘मूव्ह’ म्हणून त्याला डी ड्राइव्हवर नवा फोल्डर दाखवा. डाउनलोड्सचंही तसंच करा. नाव तेच राहतं, मामंजींना आपली फाइल नेहमीच्याच जागी दिसते, फक्त आता ती डी वर असते. लाल पट्टीवर माझ्या मते टेम्पपेक्षा हाच खरा उतारा आहे. एवढंच करा की थेट ‘डी’च्या नावावर मूव्ह करू नका, आत एक फोल्डर करून त्यात करा. नाहीतर डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स एकमेकांत मिसळतात आणि मग निस्तरता नाकी नऊ येतात.

मुलाची ‘स्लो आहे’ ही तक्रार वेगळी. तुम्ही दोन्ही दुखण्यांना एकच औषध शोधताय. टेम्प रिकामा केल्याने डिस्क अगदीच गच्च भरलेली असेल तर थोडा फरक पडतो, एरवी वेगात काही फरक पडत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. सुरू झाल्यानंतर बराच वेळ ‘डिस्क’च्या खाली १०० टक्के दिसत असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्कच मागे पडते आहे. ‘मेमरी’ सतत ८०-९०च्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. त्याच खिडकीत ‘स्टार्टअप’ असा भाग असतो. मशीन सुरू होताना आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरं, कधी काळी बसवलेल्या गेमचे लाँचर, प्रिंटरचा फालतू मदतनीस, हे तिथे ‘डिसेबल’ करा. अँटिव्हायरस आणि मामंजींच्या टायपिंगचं सॉफ्टवेअर सोडा. हे मुलाला करायला सांगा, त्याला आवडेल.

दिरांच्या सल्ल्याबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीत. फॉर्मॅट मारला की मशीन काही महिने हलकं वाटतं, हे खरं आहे. पण त्यांच्या फॉर्मॅटमध्ये एक गोष्ट हिशेबात धरलेली नाही, ती म्हणजे फाँट. मामंजी जुने असतील तर श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप करत असणार, आणि कन्नड अर्ज नुडी या कन्नड टायपिंगच्या फाँटात. या जुन्या पद्धतीच्या फाँटांमध्ये फाइलीच्या आत खरं मराठी नसतं. आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉर्मॅटमध्ये फाँट गेला की फाइल शाबूत असूनही उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मागच्या वेळी त्यांचं जे ‘गेलं’ ते कदाचित असंच गेलं असेल. ती फाइल कुठल्या जुन्या पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये असेल तर फाँट बसवून ती परत वाचता येईलही. विचारून बघा. मंगल किंवा निर्मलासारख्या युनिकोड फाँटात, म्हणजे आत खरं मराठीच साठवणाऱ्या पद्धतीत, असलेलं मात्र कुठेही उघडतं.

तेव्हा साफसफाईच्या आधीच्या प्रतींमध्ये विंडोजमधल्या फाँट्स फोल्डराचीही एक प्रत घ्या. टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी, डाँगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची छोटी किल्ली) किंवा नंबराचा कागद कुठे आहे ते मामंजींकडून माहीत करून घ्या. आणि पूर्ण झालेले, पुन्हा बदलायचे नाहीत असे कागद वर्डमधूनच पीडीएफ म्हणून सेव्ह करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट बहुतेक वेळा आतच बसवला जातो, मग तो कागद मोबाइलवरही जसाच्या तसा दिसतो. अभंगांची सगळी वही अशी करून ठेवली तर मंडळातल्या प्रत्येकाला ती व्हॉट्सॲपवर देता येईल. मामंजींना राजी करायला याहून चांगली गोष्ट मला सुचत नाही.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर नव्या कॉम्प्युटरच्या आधी एसएसडीचा, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचा, विचार करा. जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. २०१३ च्या मशीनमध्ये साधी सॅटा एसएसडी बसते. २४०-२५६ जीबीची पुरे. दुकानात गेलात की ‘विंडोज नवीन टाकून द्या’ असं म्हणू नका, ‘जुन्या डिस्कचा सी ड्राइव्ह एसएसडीवर क्लोन करून द्या’ असं सांगा. क्लोन म्हणजे हुबेहूब प्रत: प्रोग्रॅम, फाँट, सेटिंग सगळं तसंच येतं. दुकानदार कंटाळा करतील, त्यांना फॉर्मॅट सोपा पडतो. तुम्ही ठाम राहा. जुनी हार्ड डिस्क मशीनमध्येच दुसरी म्हणून ठेवता येते, डी आणि ई त्यावर चालू राहतात. रॅम चार जीबी असेल तर त्याच वेळी आठ करून घ्या. डीडीआर ३ ची जुनी पट्टी दुकानात पडून असते.

एक अडचण लपवत नाही. विंडोज १० ची सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची वाढीव सोय ठेवली आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ २०१३ च्या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही, त्याला नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. जुगाड करून बसवून देणारे भेटतील, पण मामंजींच्या कामाच्या मशीनवर जुगाड नको. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या मशीनवर छान चालतं, तरी श्रीलिपी-नुडीची सवय असलेल्या माणसाला या वयात तिकडे ढकलणं मला पटत नाही. माझं मत विचाराल तर एसएसडी घालून मुलाची दहावी या मशीनवर निभावून न्या. बँकेचे व्यवहार मोबाइलवरच ठेवा, यावर नको. आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर मुलासाठी वेगळं काहीतरी बघा. मग हे मशीन पूर्णपणे मामंजींचं.

अजून एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही पण असायला हवी होती. गावातल्या लोकांची आधार कार्डं, दाखले, पासबुकाची पानं स्कॅन होऊन या कॉम्प्युटरवर येतात. त्यांच्या प्रती डाउनलोड्समध्ये राहतात आणि टेम्पमध्येही राहतात. लोकांनी ते विश्वासाने दिलेले असतात, अर्ज झाला की ठेवायचं कारण उरत नाही. टेम्प वेळोवेळी रिकामा करायचं माझ्या लेखी हे सगळ्यात सबळ कारण आहे, वेग आणि जागा त्यानंतर. मामंजींशी बोलताना हाही मुद्दा घ्या. लोकांचे कागद सांभाळायची जबाबदारी त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळते. याच कारणाने जुनी हार्ड डिस्क कधी काढलीच, तर ती दुकानात किंवा भंगारवाल्याकडे देऊ नका.

यापुढे नवी सवय एकच लावा, तीही मामंजींना: झिप आली की आधी राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, ईमेलमधली फाइल आधी डाउनलोड, आणि लिहायला सुरुवात करण्यापूर्वीच ‘सेव्ह ॲज’ करून डॉक्युमेंट्समध्ये. मुलाला हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवायला सांगा. डिस्क क्लीनअप दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. आणि पावसाळ्याच्या आत यूपीएसची बॅटरी बदलून घ्या. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर अशी मागितली की घरगुती यूपीएसला बहुतेक बसते, पण जुनी काढून सोबत नेलेली बरी.